सात चर्चचा गुरुवार

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला ज्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले, त्या घराची मालकीण फिलिपीन्सची होती, इलोइलो नावाच्या शहरातली. निवृत्त नर्स, सत्तरी उलटलेली, उंचीनं माझ्या खांद्याला लागणारी. त्यांच्याकडे अशा बाईला 'तीता' म्हणतात हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण माझ्या तोंडून आपोआप मावशी निघालं आणि तिला ते आवडून गेलं. मी पीएचडी करत होते, वरच्या खोलीत राहत होते, आणि खालच्या स्वयंपाकघरातल्या तिच्या भाताच्या कुकरवर माझा अर्धा हक्क होता. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. पण आठवताना मला ते मराठीतच ऐकू येतं, म्हणून तसंच लिहिते.

मावशीची नजर काचबिंदूनं खाल्ली होती. कडेचं सगळं गेलेलं, मधे नळीएवढा उजेड उरलेला, आणि त्या नळीतही धुकं. गंमत अशी, की जे डोळ्यांपुढे नाही त्याबद्दलच ती जास्त बोलायची. सकाळी चहाच्या वेळी खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असायचा आणि ती सांगत असायची: आमच्या शहरातल्या एका चर्चच्या भिंती पोवळ्याच्या दगडाच्या आहेत, जवळून बघितलं तर दगडात शिंपले दिसतात. चुन्यात अंड्याचं पांढरं घालून बांधलंय म्हणतात. मी विचारलं, मग पिवळ्याचं काय केलं? "मिठाया," ती म्हणाली. "देवाला पांढरं, आम्हाला पिवळं." दुसऱ्या एका चर्चचं घंटाघर रस्त्याच्या पलीकडे, चौकात एकटंच उभं आहे. त्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर, बाहेरचा जिना चढून गेलं की मरियमची लहानशी दगडी मूर्ती आहे आणि ती म्हणे दर वर्षी थोडी वाढते. मी इंजिनिअर. मी म्हटलं, मोजली का कुणी? ती म्हणाली, "वाढत्या पोरीला रोज मोजू नये."

तिचं सगळ्यांत लाडकं चर्च मात्र तिसरंच. तांबड्या टोकदार मनोऱ्यांचं, आणि आत दोन्ही बाजूंच्या खांबांवर फक्त बायका. सगळ्या संतिणी. पुरुषाला जागाच नाही, असं ती मोठ्या समाधानानं सांगायची. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या हातात पुस्तक, एकीच्या हातात तबक आणि तबकात तिचेच डोळे. ऐकताना मी अर्धवट झोपेत असले तर मला खरंच वाटायचं की आपण लहानपणी तिथे जाऊन आलोय.

त्याच चर्चमध्ये तिनं नवस बोलला होता. त्यांच्याकडे त्याला 'पनाता' म्हणतात. तिचा एकुलता मुलगा तान्हा असताना तापानं फणफणला, तीन दिवस डोळे उघडेना. मावशी तेव्हा नर्सिंग शिकत होती. औषधानं काय होतं आणि काय होत नाही हे तिला कळायला लागलं होतं, म्हणूनच ती जास्त घाबरली. संतिणींच्या मधल्या वाटेवरून गुडघ्यांवर चालत गेली आणि म्हणाली, हा वाचू दे, मी मरेपर्यंत दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी सात चर्च करीन. त्या गुरुवारी सात चर्च फिरायची रीत तिच्या शहरात सगळ्यांचीच आहे, पण कुणाचं एखादं साल चुकतं, पाय दुखतात, पाहुणे येतात. नवसाचं तसं नाही. मुलगा वाचला. तेव्हापासून एकही साल चुकलं नव्हतं.

अमेरिकेत आल्यावर इलोइलोची चर्च कुठून आणणार? मग तिनं मिशिगनमधल्या सात चर्चना ती नावं वाटून दिली. हे विटांचं म्हणजे शिंपल्यांच्या भिंतींचं, ते शेतातलं म्हणजे समुद्रकाठचं. कुठल्याही बिशपला न विचारता तिनं हे ठरवून टाकलं होतं आणि तीसेक वर्षं स्वतः गाडी चालवत निभावलंही होतं. त्या वसंतात मात्र तिचं लायसन्स गेलं होतं. मुलगा ॲरिझोनात, पन्नाशी ओलांडलेला, टकलू, नेमस्त. ईस्टर झाला की तो येऊन तिला कायमची आपल्याकडे नेणार होता आणि घर विकायला काढणार होता. फोनवर तो म्हणाला, "ममा, मी चर्चमुळे जिवंत नाही, कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे आहे. या वर्षी कॅन्सल कर." मावशीनं फोन ठेवला आणि तीन दिवस त्याचा एकही फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "आणि खंड पडला, नि त्याला काही झालं तर?"

आता माझ्याबद्दल. आमच्या घरात नवस हा शब्द शिवीसारखा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक विहिरीत टाकले आणि नवस, उपास, अंगारा सगळं त्यांच्यासोबत बुडालं. नागपुरात मी वाढले ती हे ऐकतच. त्यामुळे एका कॅथलिक बाईचा नवस फेडायला गाडी हाकायची, हे ऐकून आई काय म्हणेल याचा मी आधी विचार केला. मग आईला सांगायचं नाही असं ठरवलं. मावशी घाबरली होती, हे मला दिसत होतं. माणूस घाबरलं की त्याला पटवून द्यायचं नसतं, गाडी काढायची असते.

गुरुवारी दुपारी निघालो. एप्रिल होता, पण मिशिगनचा एप्रिल. रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ, वर ढगांचं मऊ, राखाडी छत. मावशी शेजारी पांढरी काठी मांडीवर घेऊन, डोळे मिटून रस्ता सांगत होती. "आता डावीकडे पेट्रोल पंप येईल." येत होता. मला नकाशाची गरज पडली नाही.

पहिलं चर्च युनिव्हर्सिटीजवळचं. दारातच मी खाली वाकून बूट काढायला लागले. विहारात जाताना काढतो तसे. मावशी म्हणाली, "अगं, इथे बूट घालून जातात." मी म्हटलं, जात असतील. मी काही पुजायला आले नव्हते, पण कुणाच्या घरात चिखलाचे बूट घेऊन शिरायचं नाही एवढं मला कळतं. पहिल्या दोन्ही ठिकाणी आमचा हाच वाद झाला आणि दोन्ही ठिकाणी मी बूट काढले. तिसऱ्यापासून तिनं नाद सोडला.

चर्चच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं असतात, येशूला शिक्षा होते तिथपासून थडग्यापर्यंतची. सात चर्च, प्रत्येक ठिकाणी दोन चित्रांपुढे उभं राहून प्रार्थना. इतकी वर्षं तिला ती पाठच होती, पण आता दिसत नाहीत म्हणून मी वर्णन करायचं असं ठरलं. मला गोष्ट अर्धीच माहीत. मी दिसेल ते सांगत गेले. आणि दुसरंही एक काम होतं. चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की एक इच्छा मागता येते, असा त्यांच्याकडे समज आहे. ती प्रत्येक दारात विचारायची, "मागितलंस?" मी म्हणायचे, आम्ही मागत नाही. ती म्हणायची, "वाया घालवतेस."

दुसरं चर्च विटांचं. मावशी आत गेली आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिली. खिडक्यांच्या निळ्या काचांतून उजेड पाझरत होता आणि फरशीवर हलत होता. ती हळूच म्हणाली, "हात लाव. शिंपले लागतात." मी हात लावला. वीट होती, गार आणि खरखरीत. पण तिच्या शेजारी उभं राहून, डोळे मिटून, मी बोटं फिरवत राहिले. बाहेर चौक आहे, चर्चच्या सावलीत कुणी मेणबत्त्या विकतंय, दुपार ऊन ऊन आहे आणि कुठेतरी जवळच समुद्र आहे. हे सगळं मला अगदी स्पष्ट जाणवलं. किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला तेव्हा मी दचकले.

आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाच्या ग्रुपमधला मित्र होता. मी बाहेर जाऊन फोन घेतला. "यार, पाच वाजता स्किटची प्रॅक्टिस आहे, येतेयस ना? कुठे आहेस?"

"चर्चमध्ये."

"काय?"

"मावशीला ड्राइव्ह करतेय. सात चर्च आहेत. माझा रोल आज कॅन्सल कर."

तो म्हणाला, "हे बघ, तिकडे कन्व्हर्ट होऊ नकोस यार. आपलं एकदा झालंय."

तिसऱ्या चर्चचं दार बंद होतं. अमेरिकेत देवालाही ऑफिस अवर्स असतात. मावशीचा चेहरा पडला. दाराला हात लावला तरी मोजायचं का, असं ती स्वतःशीच पुटपुटायला लागली आणि नाही, आत गेलंच पाहिजे, असं स्वतःच उत्तर द्यायला लागली. अर्धा तास आम्ही गाडीत बसलो. शेवटी आवारातला बर्फ खरवडणारा एक म्हातारा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. त्यानं दार उघडलं, दिवे मात्र लावले नाहीत. त्या अंधुक, मेणाच्या वासाच्या पोकळीत मी मोजे घातलेल्या पायांनी चालत पाचव्या चित्रापाशी गेले.

"काय आहे?" मावशीनं विचारलं.

"क्रूस घेऊन तो वाकलाय. मागून दुसरा एक माणूस लाकूड उचलून धरतोय. पण शिपायानं त्याचा दंड पकडलाय. वेठीला धरलेला दिसतो." वेठीला हे इंग्रजीत कसं सांगावं कळेना. मग सांगितलं, की आमच्या पणजोबांना गावात कुणीही केव्हाही बोलवायचं, काम करून घ्यायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. तसा माणूस.

"हो," मावशी म्हणाली. "तो शेतावरून घरी चालला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारत नसतातच," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण तो म्हातारा वळून बघायला लागला. मावशीनं माझा हात धरला आणि त्या चित्रापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

चौथं झालं, मक्याच्या उजाड शेतांमधलं पाचवंही झालं. तिथे वारा इतका की मावशीला धरून चालवावं लागलं. सहाव्याला पोचेपर्यंत साडेपाच वाजून गेले होते आणि इथे मला फार बरं वाटलं. कारण या चर्चच्या पडवीत चपला-बूट ओळीनं मांडून ठेवलेले होते! बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे, अगदी नीटनेटके. मी म्हटलं, बघा मावशी, सापडले शेवटी रीतभात असलेले लोक. मावशीच्या बुटांच्या नाड्या सोडायला वेळ लागला असता म्हणून तिला तशीच आत नेलं. माझे बूट, गेल्याच हिवाळ्यात घेतलेले, लोकरीचं अस्तर असलेले, मी त्या ओळीत जोडीनं लावून ठेवले.

पंचवीस मिनिटांनी बाहेर आलो तर पडवी रिकामी. एक बाई झाडू मारत होती. भिंतीवर कागद चिकटवला होता, तो मी आता वाचला: गरजू कुटुंबांसाठी पादत्राणे इथे ठेवावीत. व्हॅन भरून निघूनही गेली होती. त्या बाईनं मनापासून माझे आभार मानले. "असे छान बूट क्वचित येतात," ती म्हणाली.

मावशी आधी घाबरली, मग हसली, मग पुन्हा घाबरली. घरी जाऊन बूट आणायचे तर जाऊन येऊन तासभर. सातव्या चर्चची संध्याकाळची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सातला. ती सुरू झाल्यावर गर्दीत तिला घेऊन शिरणं अवघड, आणि उशीर फारच झाला तर दार लागणार. "राहू दे," ती म्हणाली. "सहा झाली. तुझे पाय गारठतील." हे म्हणताना तिचा आवाज इतका लहान झाला की मला माझाच राग आला. मी म्हटलं, पाय माझे आहेत, बसा गाडीत.

सातवं म्हणजे संतिणींचं. मिशिगनच्या त्या चर्चमध्ये खांबांवर कुणीच नव्हतं, नुसते उंच, पिवळसर खांब. पार्किंगमधल्या बर्फाच्या चिखलातून जाताना माझे मोजे चिंब झाले. दारात ते काढले, पिळले आणि हातात घेतले. चर्च खचाखच भरलं होतं. पांढरी काठी बघून एका स्वयंसेवकानं आम्हाला थेट पुढच्या बाकावर नेलं. मग त्याची नजर माझ्या पायांवर गेली. त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही तयार होऊन आलात, थँक यू," असं म्हणून त्यानं मला वेदीसमोरच्या खुर्च्यांच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे नेलं. मला वाटलं, अनवाणी बाई बघून दया आली असेल, बरी जागा देतोय. मी बसले. रांगेत आणखी अकराजण होते आणि प्रत्येकानं एक एक बूट काढलेला होता. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. घमेलं आणि पाण्याचा जग घेऊन म्हातारे फादर पहिल्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले तेव्हा पडला. येशूनं शेवटच्या जेवणाआधी शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी बाराजणांचे पाय धुतात. बारावा कुणीतरी आलाच नव्हता.

उठून जावं, तर सगळे बघत होते. वाद्याचे सूर मंद चालले होते, मेणबत्त्यांच्या ज्योती धुरकट दिसत होत्या. फादर एकेक खुर्ची सरकत माझ्याकडे येत होते, आणि स्वप्नात हलता येत नाही तसं माझं झालं. ते माझ्यापुढे आले. त्यांचे गुडघे कडकडले, त्यांनी खुर्चीचा पाय धरून तोल सावरला. माझा पाय हातात घेतला. थंडीनं लाल झालेला, टाचेला चिखल लागलेला. कोमट पाणी ओतलं, पुसलं, बोटांच्या बेचकीतूनसुद्धा, काही घाई न करता.

आमच्या गावात पाटलांच्या आळीतून जाताना आमच्या लोकांना चपला हातात घ्याव्या लागत. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी नागपुरातून चामड्याचे बूट आणले आणि त्या आळीतून टाचा वाजवत गेले, मार खाल्ला, बरे झाले आणि पुन्हा गेले. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वर्षातून एक दिवस पाय धुणं सोपं असतं, असं मी मनातल्या मनात त्या फादरना सुनावलं. पण त्यांचे हात फार ऊबदार होते, हेही खोटं नाही. आजोबांना हे सगळं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पाय धुतले ते ठीक आहे, बूट कुठे आहेत?

मी बाकावर परतले तेव्हा मावशीनं कुजबुजत विचारलं, "पाण्याचा आवाज येत होता. कुणाचे धुतले?"

"माझे."

ती तोंडावर रुमाल दाबून इतकी हसली की मागच्या रांगेतली बाई खाकरली. "आमच्या वेळी बाईला बसवतच नसत," ती शेवटी म्हणाली. "संतिणी बघत असतील वरून." मी खांबांकडे बघितलं. मेणबत्त्यांच्या त्या हलत्या उजेडात वर कुणी नव्हतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मिस्सा संपली, वेदीवरचं कापड उचललं, माणसं न बोलता बाहेर पडू लागली. आमची शेवटची दोन चित्रं राहिली होती. मी मावशीला धरून तेराव्यापुढे उभं केलं.

"काय आहे?"

"आई बसलीय. मुलगा तिच्या मांडीवर आहे. क्रुसावरून काढलाय त्याला." मला पुढचं जरा जड गेलं. "मोठा मुलगा आहे. मांडीत मावत नाही."

मावशीनं हात पुढे केला, मी तो धरून लाकडात कोरलेल्या त्या चित्रापर्यंत नेला. तिनं त्या मुलाचं डोकं चाचपलं. मग हात मागे घेतला आणि म्हणाली, "पुढचं सांग." पुढे थडगं होतं.

गाडीत बसून मी हीटर पायांवर सोडला. बाहेर अंधार उतरत होता. मावशीच्या पर्समधला फोन वाजला. मुलगा होता. तिनं फोन माझ्याकडे दिला, मी तो स्पीकरवर टाकला.

"ममा, किती झाली?"

"सात," मावशी ताठ आवाजात म्हणाली. "पूर्ण सात."

तो म्हणाला, "ओके. गुड." आणि थोड्या वेळानं, "मी तीन केली."

"काय तीन?"

"चर्च. लंचमध्ये एक, ऑफिस सुटल्यावर दोन. जस्ट इन केस. तुझी कमी पडली तर, म्हटलं... दोघांची मिळून मोजतात का, मला रूल्स माहीत नाहीत."

मावशीनं हातमोजा काढला, पुन्हा घातला. मी समोरच्या काचेतून पार्किंगमधला बर्फ बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. एवढी वर्षं हा माणूस गोळीचं नाव सांगत होता आणि आज उन्हातान्हात चर्च शोधत फिरला होता, स्वतःच्या जिवासाठी नाही, तिच्या शब्दासाठी.

"तुमच्याकडे किती वाजले?" तिनं विचारलं.

ॲरिझोना आमच्या तीन तास मागे. "पावणेसहा," तो म्हणाला.

"उजेड आहे?"

"आहे."

"मग चार राहिलीत," मावशी म्हणाली. "फोन ठेव आणि निघ."

त्यानं फोन ठेवायच्या आत त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.